घासून घासून गुळगुळीत

"माझ्या प्लेटवर माशी बसली ना, तर घसरून पडते! आणि पडता पडता स्वतःचं तोंड बघून लाजते!"

हे वाक्य मामा गेली एकतीस वर्षं कारखान्यात ऐकवत आले होते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी, जुन्याला तो विसरला असेल अशा शंकेने, आणि बाहेरून कोणी तपासणीला आलं तर त्याने खुर्चीला पाठ टेकायच्या आत. मामा म्हणजे कारखान्याचे पॉलिशवाले. रबराच्या चकत्या तयार झाल्या की एकेक चकती पोलादी प्लेटवर ठेवायची, वरून वजन दाबायचं, जाडी मोजायची आणि उचलून खोक्यात टाकायची, असं तपासणी विभागाचं काम होतं. त्या अठरा प्लेटी घासून आरशासारख्या ठेवणं हे मामांचं काम. काळ्या, कडक चकत्या त्या प्लेटवरून नुसत्या नखाने ढकलल्या की सुळकन खोक्यात जायच्या. तपासणीतल्या बायका वेणी नीट करायला भिंतीवरच्या आरशाकडे जायच्याच नाहीत. प्लेटीत बघायच्या.

मामांना या कामाचा गर्व होता म्हणणं म्हणजे समुद्राला ओल आहे म्हणण्यासारखं. एकदा चार दिवस रजेवर घरी राहिले, तर त्यांनी दाराच्या कड्या घासल्या, नळ घासले, डबे घासले आणि शेवटी मामींच्या चष्म्याच्या दांड्या घासल्या. पाचव्या दिवशी मामींनीच डबा भरून त्यांना दारात उभं केलं. "जा बाई एकदाचे कामावर!"

आणि आता महिनाअखेरीला मामा कायमचे घरी बसणार होते. वय झालं होतं. मालकांनी मनावर घेतलं तर दोन वर्षांची मुदतवाढ मिळणार होती. तसं पत्र टाईप होऊन मालकांच्या खणात पडलं होतं. फक्त सही व्हायची होती. त्या पत्राच्या काळजीने मामींना मामांपेक्षा जास्त घाम फुटत होता.

नेमकं याच वेळी कारखान्यात नवं रबर आलं.

हे रबर काळं नव्हतं, कडकही नव्हतं. कातडीच्या रंगाचं आणि कानाच्या पाळीइतकं मऊ. कृत्रिम पाय लावणाऱ्या माणसाला आतून टोचू नये म्हणून मधे घालायच्या गाद्या त्याच्या करायच्या होत्या. मोठ्या हॉस्पिटलचं काम. नमुने पसंत पडले तर पुढची कितीतरी वर्षं कारखान्याला बघायला नको. पण गादी मामांच्या प्लेटवर ठेवली, वरून वजन दाबलं, की उचलायचं नाव नको! जळवेसारखी धरून बसायची. ओढली की फाटायची. दहातल्या चार फाटायच्या, दोन ताणून वेड्यावाकड्या व्हायच्या आणि उरलेल्या चार उचलताना तपासणीतल्या बायकांची नखं तुटायची.

मालकांनी बैठक बोलावली. मालक होते, फोरमन होता, मामा होते आणि जावई होते.

जावई म्हणजे मामांचेच जावई. आठ महिन्यांपूर्वी कारखान्यात दर्जा तपासणीचे इंजिनीअर म्हणून लागले, म्हणजे मामांचे साहेब झाले. घरी ते 'जावईबापू', त्यांना पाट, पाणी, पहिलं ताट. कारखान्यात त्यांच्यापुढे मामांनी उभं राहायचं. मग हाक काय मारायची? मामा हाक मारतच नसत. नुसते खोकत. जावई मात्र दोन्हीकडे 'मामा'च म्हणत. पण मामांना अख्खा कारखाना मामा म्हणायचा, त्यामुळे त्यात मान किती आणि सवय किती, याचा हिशेब मामांना काही लागत नव्हता.

"मला वाटतं," जावई म्हणाले, "प्लेट थोडी खरखरीत करावी लागेल."

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. कोणीतरी देवळात चप्पल घालून आल्यासारख्या.

"काय करावी लागेल?" मामांनी विचारलं.

"खरखरीत. अगदी बारीक. हाताला पिठासारखी लागेल इतकीच."

"म्हणजे मी घासलेली प्लेट खरवडायची!"

"मामा, तसं नाही—"

"तसंच आहे की!" फोरमन मधेच म्हणाला. त्याला या क्षणाची अकरा वर्षं वाट बघावी लागली होती. अकरा वर्षांपूर्वी त्याने स्वतः घासलेली एक प्लेट मामांनी सगळ्यांदेखत परत पाठवली होती, वर म्हणाले होते, "यावर भांडी घासलीत का?" फोरमन आता तोंड पाडून, पण डोळ्यांनी हसत म्हणाला, "मामा, वाईट वाटून घेऊ नका. घरचाच माणूस बोलतोय."

बस! मामांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"साहेब," ते मालकांना म्हणाले, "चिकटतंय याचा अर्थ एकच. चमक कमी पडतेय! कडक रबराला पुरत होती, या नाजूकरावांना पुरत नाही. मला तीन दिवस द्या. गुरुवारी हॉस्पिटलच्या बाई येतायत ना? त्यांच्यासमोर गादी प्लेटवरून अशी निघेल, अशी निघेल, की हात लावायच्या आत उडून खोक्यात बसेल!"

मालकांनी टकलावरून रुमाल फिरवला. "मामा, गुरुवारी हसं झालं तर?"

"तर तुमच्या खणातलं पत्र फाडून टाका!"

हे आपण का बोललो, ते मामांना जिन्यावरून उतरतानाही कळलं नव्हतं.

* * *

रविवारी मुलगी आणि जावई जेवायला आले. जेवताना कोणी प्लेटीचा विषय काढला नाही. सगळे हवेवर बोलले. जेवणं झाली, ताटं धुऊन झाली, आणि जावयांनी खिशातून कागदात गुंडाळलेली एक गादी काढली.

"मामा, रागावू नका. एकदाच बघा."

त्यांनी स्टीलचं एक कोरडं ताट पालथं घातलं, त्यावर गादी ठेवली, तळव्याने दाबली आणि गादीचं टोक धरून वर उचललं. गादीबरोबर ताट उठलं! वटवाघळासारखं लोंबायला लागलं. मग त्यांनी भाजी चिरायची लाकडी फळी घेतली. वर्षानुवर्षं सुरीचे वार खाऊन तिचं तोंड खरखरीत झालं होतं. तिच्यावर तशीच गादी दाबली, उचलली. फळी जागेवरच राहिली. गादी अलगद हातात.

"हे बघा," जावई मनापासून सांगायला लागले, "दोन वस्तू एकमेकींवर ठेवल्या तरी त्या सगळीकडे टेकत नाहीत. एखादी खरखरीत असली की टोकाटोकांवरच टेकतात. खडीवर सतरंजी टाकावी तशा. मधे नुसती हवा. जिथे टेकणंच नाही तिथे चिकटणार काय? तुमची प्लेट इतकी गुळगुळीत, की हे मऊ रबर तिच्यावर इंच न् इंच अंग टाकतं. कडक चकत्यांना तसं वाकता यायचं नाही, त्या दोन-चार ठिकाणीच टेकायच्या. म्हणून तुमचं पॉलिश आजवर अगदी बरोबर होतं."

त्या वाक्यातलं 'बरोबर' मामांना ऐकूच आलं नाही. 'आजवर' ऐकू आलं आणि 'होतं' ऐकू आलं.

"ताट ओलं असेल," मामा म्हणाले.

जावयांनी ताट पुसलं. गादी दाबली. ताट पुन्हा लोंबलं.

"मग साबण राहिला असेल!"

"काय?" आतून मामी पदर खोचत बाहेर आल्या. "माझ्या ताटाला साबण? चाळीस वर्षं जेवताय त्याच ताटात, तेव्हा नाही लागला साबण?"

"तुला कोण काय म्हणतंय!"

"म्हणालात ना आत्ता! पाहुण्यांसमोर!"

"मी पाहुणा नाही हो मामी," जावई गडबडीने म्हणाले आणि त्या गडबडीत ताट हलवलं. गादी कडेने सुटली, ताट फरशीवर पडलं आणि घरभर असं घणघणलं की शेजारच्या काकूंनी भिंतीवर टकटक केली.

मुलीने आधी वडिलांच्या तोंडाकडे बघितलं, मग नवऱ्याच्या. मग पर्स उचलली. "निघू या," एवढंच म्हणाली.

ते गेल्यावर मामा बराच वेळ फळीवरून बोट फिरवत बसले. त्यांना समजलं नव्हतं असं कोणी समजू नये. एकतीस वर्षं ज्याचं बोट धातूवरून फिरलं, त्याला हे समजायला किती वेळ लागणार! ताट पहिल्यांदा लोंबलं तेव्हाच त्यांना सगळं समजलं होतं. जावई बरोबर होते. सोळा आणे बरोबर होते. तिथेच तर सगळी आग होती! चुकीचे असते तर मामांनी त्यांना हसून माफ केलं असतं.

* * *

आणि तरीही सोमवारी सकाळी मामांनी प्लेट घासायला घेतली.

शहाण्या माणसाने असं का करावं? ते मामांनाही सांगता आलं नसतं. आधी बारीक कागद, मग त्याहून बारीक, मग पेस्ट, मग लोकरीचा जाड नमदा, मग मऊ सुती कापड आणि शेवटी नुसता अंगठा. तीन दिवस ते दुपारचे जेवायलासुद्धा उठले नाहीत. बायका सांगायच्या, "मामा, झाली हो प्लेट!" मामा म्हणायचे, "अजून नाकावरची भोकं धूसर दिसतायत." बुधवारी संध्याकाळी प्लेट अशी झाली, की ती प्लेट आहे हे कळायला तिला हात लावावा लागे. मामांनी आयुष्यात याहून सुंदर काम केलं नव्हतं. त्यांनी तिच्यात वाकून बघितलं. आतून एक पांढऱ्या मिशांचा, थकलेला, हट्टी माणूस त्यांच्याकडे बघत होता. मामांनी प्लेटवर फडकं टाकलं.

गुरुवारी हॉस्पिटलच्या बाई आल्या. उंच, शांत, चष्मा लावलेल्या. कृत्रिम पाय बसवणं हेच त्यांचं रोजचं काम. मालक कोट घालून आले होते. फोरमन इस्त्री करून आला होता. तपासणीतल्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. जावई कोपऱ्यात, तोंड उतरलेलं.

"आमचे मामा!" मालकांनी ओळख करून दिली. "यांच्या प्लेटवर माशी बसली तर—"

"साहेब, ते राहू द्या," मामा म्हणाले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

बाईंनी स्वतःच्या हाताने गादी प्लेटवर ठेवली. वरून वजन दाबलं. मोजमाप झालं. वजन उचललं. बाईंनी गादीचं टोक धरलं.

गादी हलेना.

"जरा जोर लावा," मालक म्हणाले.

बाईंनी जोर लावला. गादी चार बोटं ताणली आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली. नवरा रागावला तरी माहेरून न हलणाऱ्या बाईसारखी.

"मी बघतो!" फोरमन पुढे झाला. त्याने ओढलं. प्लेटसकट टेबल सरकलं.

"अरे फाडशील! हो बाजूला!" मालकांनी कोटाच्या बाह्या सारल्या, रुमालाने टक्कल पुसलं, खाली वाकले, गादीची जवळची कड दोन्ही हातांनी पकडली आणि दात-ओठ खाऊन स्वतःकडे खेचायला लागले. गादी ताणली. आणखी ताणली. हातभर झाली. मामा ओरडले, "साहेब, सोडा!" फोरमन ओरडला, "साहेब, सोडू नका!"

आणि पलीकडची बाजू सुटली!

फाट्दिशी असा आवाज झाला की एक बाई किंचाळली. गादी हवेतून आली आणि मालकांच्या डोक्यावर, नुकत्याच पुसलेल्या, कोरड्या, लखलखीत टकलावर चापकन बसली. मालकांचं टक्कल म्हणजे निसर्गाने जातीने केलेलं पॉलिश! त्यावर गादीने जे अंग टाकलं, ते टाकलंच. दुसरं टोक तेवढं खांद्यावर लोंबत राहिलं. कातडीच्या रंगाची ती. क्षणभर असं वाटलं की साहेबांच्या टकलाला आणखी एक टक्कल फुटलंय.

"काढा! काढा हे!"

फोरमनने ओढलं. गादी सुटली नाही, पण मालकांच्या कपाळाची कातडी वर गेली आणि त्यांचा चेहरा भलताच आश्चर्यचकित दिसायला लागला.

"आई गं! अरे, डोकं येईल हातात!"

भिंतीजवळच्या बायकांनी पदर, ओढण्या, जे मिळेल ते तोंडात कोंबलं होतं. धरणीने दुभंगून पोटात घेतलं असतं तर मामांना बरं वाटलं असतं. पण ती फरशी सिमेंटची होती.

जावई धावत गेले. बायकांच्या हातमोज्यांच्या खोक्यातली पावडर त्यांनी चिमूटभर घेतली, गादीच्या कडेखाली भुरभुरवली, कड थोडी उचलली, पुन्हा भुरभुरवली. असं करत करत गादी केळीच्या सालीसारखी निघून आली. मालकांच्या डोक्यावर लालबुंद चौकोन उठला होता.

मालकांनी मामांकडे बघितलं. मामांना खणातल्या पत्राचा टरटर आवाज आत्ताच ऐकू यायला लागला.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "पण एक गंमत बघितलीत का? गादीचं दुसरं टोक यांच्या खांद्यावर पडलं होतं. डोक्याला एवढी घट्ट बसली आणि कोटावर मात्र सुटी. ते कसं?"

"कोट लोकरीचा आहे, खरखरीत," जावई म्हणाले. मग ते एकदम थांबले. त्यांनी मामांकडे बघितलं, मालकांकडे बघितलं आणि घसा खाकरला. "बाई, हेच तर मामांना दाखवायचं होतं."

"काय दाखवायचं होतं?" मालक.

"की दोष चमकेचा आहे, साहेब. प्लेट जितकी गुळगुळीत, तितकं हे मऊ रबर जास्त चिकटणार. नुसतं सांगून कोणाला पटलं नसतं. म्हणून मामांनी मुद्दाम तीन दिवस खपून प्लेट इतकी घासली. प्लेटी बारीक खरखरीत करायच्या, ही सूचना मुळात मामांचीच. बैठकीत मी ती नुसती बोलून दाखवली, आणि मामांनी मुद्दाम विरोध केला."

मामांचं तोंड उघडंच राहिलं.

मालक त्यांच्याकडे बघतच राहिले. राग उतरला, संशय आला, मग संशयही उतरला. लोकांसमोर डोक्याला गादी चिकटलेल्या माणसाला ती काहीतरी थोर कारणाने चिकटली होती, हे ऐकायला फार बरं वाटतं. "मामा!" ते गहिवरून म्हणाले. "स्वतःची कला पणाला लावलीत! एवढं मन कोणाचं असतं?"

"साहेब, मी... तसं नाही, मी तर..."

"विनयसुद्धा बघा!" मालक बाईंना म्हणाले.

बाईंनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी वाजवल्या. फोरमनने सगळ्यात शेवटी, दोनच वाजवल्या. मामांच्या जिभेवर खरं शब्दशः येऊन उभं होतं. बोलले असते तर पत्र गेलं असतं, काम गेलं असतं, जावयांची नोकरीही गेली असती. न बोलावं तर गेली एकतीस वर्षं जात होती. मामांनी तोंड मिटलं.

पत्रावर त्याच संध्याकाळी सही झाली.

* * *

दुसऱ्या दिवसापासून मामांनी अठरा प्लेटी खरखरीत करायला घेतल्या. पहिली त्यांनी तीच घेतली, तीन दिवस घासलेली. कागदाचा पहिला हात फिरला आणि पांढऱ्या मिशांच्या माणसाच्या तोंडावर धुकं आलं. चार हातांत तो दिसेनासा झाला. खरखरीत करणं हेही सोपं काम नव्हतं. कुठे खोल ओरखडा जाऊन चालत नव्हतं, सगळीकडे सारखंच पीठ हाताला लागायला हवं होतं. ते मामांइतकं चांगलं कोणालाच जमलं नसतं, आणि याचं मामांना भयंकर दुःख होतं.

गाद्या आता फुंकर मारली तरी सुटायच्या. काम मिळालं. सूचनाफलकावर कागद लागला: 'मामांच्या कल्पक सूचनेबद्दल अभिनंदन.' जो येईल तो पाठ थोपटायचा. तपासणीतल्या बायका म्हणायच्या, "मामा, किती छान केलंत! नखं वाचली आमची. आधीच का नाही केलंत हो?" आणि फोरमन येता-जाता म्हणायचा, "म्हणजे मामा, एकतीस वर्षं उलटंच काम केलंत म्हणायचं!"

मामा पहिले दोन दिवस समजावून सांगत राहिले, की कडक रबराला चमकच लागायची, ते काम वेगळं, हे वेगळं. कोणी पुरतं ऐकून घेतलं नाही. तिसऱ्या दिवसापासून ते नुसते हसायला लागले. त्या हसण्याने गाल दुखतात, हे त्यांना नव्याने कळलं.

पण एका गोष्टीचा त्यांना आतून ओलावा होता. जावयांनी एवढ्या लोकांत आपलं हसं होऊ दिलं नाही. स्वतःची कल्पना आपल्या पदरात घातली. शिकलेला माणूस, वरचा साहेब, पण सासऱ्याचा मान राखला! मामा रोज ठरवायचे, आज बोलायचं. शेवटची, अठरावी प्लेट राहिली होती त्या दिवशी जावई एकटेच खाली आले, आणि मामांनी धीर केला.

"जावईबापू," ते म्हणाले. कारखान्यात पहिल्यांदाच. "त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ना... मी जन्मात विसरणार नाही. माझ्या पॉलिशवर तुम्ही चार शब्द कडू बोललात, तरी मनात एवढा मान आहे, हे मला..."

जावई गोंधळले. कानाची पाळी चोळत उभे राहिले.

"मान आहेच हो, मामा. पण खरं सांगू का? तुमची मुलगी रविवारपासून माझ्याशी बोलत नव्हती. चार दिवस! बाबांचं काम गेलं तर तुमच्या घरात पाऊल टाकणार नाही, म्हणाली. मला दुसरं काही सुचलंच नाही."

"अस्सं," मामा म्हणाले.

"आता बोलते," जावई घाईघाईने म्हणाले. "अगदी छान बोलते."

"बरं झालं की."

जावयांनी वाकून प्लेटवरून बोट फिरवलं. कोपऱ्याशी ते बोट जरा थांबलं.

"इथे थोडी चमक राहिलीय, मामा."

मामांनी कागद उचलला. "जाते," म्हणाले, आणि घासायला लागले.